कवळीची आतली बाजू : हस्तिदंतापासून थ्री-डी छपाईपर्यंत

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोन-तीन जणांनी हसत हसत विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत कवळीचं काय काम? प्रश्न रास्त आहे. लढाया आणि तह यांच्या रांगेत कवळी बसत नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांनी घरात कधी ना कधी आजीची किंवा आजोबांची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत ठेवलेली पाहिली आहे. त्या वाटीतल्या वस्तूचा इतिहास चांगला लिहून ठेवलेला आहे. त्यात पेटंटचे खटले आहेत, एक खून आहे, एका मंत्र्याचा राजीनामा आहे. आणि आज दंतवैद्याकडे गेल्यावर 'साधी कवळी करायची की डिजिटल?' असा जो प्रश्न समोर येतो, त्याचं उत्तर शोधताना हा इतिहास उपयोगी पडतो, असं आमचं म्हणणं आहे.

सुरुवात एका पत्रापासून करू. डिसेंबर १७९८. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळून दोन वर्षं झाली होती. तिकडे अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त झाले होते. १७८९ मध्ये त्यांनी पदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या असं अजूनही सांगतात, पण ते खरं नाही. त्या पाणघोड्याच्या सुळ्याच्या, माणसांच्या आणि जनावरांच्या दातांच्या, शिसं आणि इतर धातू वापरून केलेल्या होत्या. त्यांच्या १७८४ च्या हिशेबात कृष्णवर्णीय माणसांना ९ दातांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. ते दात कुठे वापरले ते नोंदीत नाही, पण त्या काळी दात कुठून येत आणि ते कुणाचे असत, ते या एका ओळीत दिसतं.

तर वॉशिंग्टन यांनी एक कवळी दुरुस्तीसाठी आपले दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांच्याकडे पाठवली. ग्रीनवुड यांनी उत्तरात लिहिलं की कवळी अगदी काळी पडली आहे. कारण पोर्ट वाइन. एक तर आपण ती त्या दारूत भिजवली असेल किंवा ती घालून दारू प्यायला असाल, आणि आंबट दारूनं सगळं पॉलिश जातं. मग त्यांनी सल्ला दिला. जेवणानंतर कवळी काढा, स्वच्छ पाण्यात ठेवा आणि दुसरा संच घाला. नाहीतर खडूची बारीक पूड घेऊन ब्रशनं घासा.

या सल्ल्यात दोन भाग आहेत, तेवढे लक्षात ठेवा. एक पाण्याचा, दुसरा खडूच्या पुडीचा. शेवटी आपण दोन्हींकडे परत येणार आहोत.

आता वॉशिंग्टनची कवळी काळी का पडली, ते पाहू. हस्तिदंत असो, पाणघोड्याचा सुळा असो की वॉलरसचा, तो शेवटी प्राण्याच्या शरीराचा भाग. बाहेरून घट्ट वाटला तरी तोंडातल्या ओलीत तो भिजतो, रंग धरतो, हळूहळू कुजतो. जिवंत दाताचं रक्षण करणारी व्यवस्था त्याला नसते. म्हणून त्या काळच्या श्रीमंतांच्या कवळ्यांना वास येत असे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरच्या मृत तरुण सैनिकांचे दात काढून विकले गेले, आणि पुढे अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' हेच नाव पडलं. दात तरुणाचे असले तरी ते बसवायचे हस्तिदंताच्याच पायावर. पाया कुजला की सगळंच गेलं.

कवळी बनवण्याची ही पहिली रीत, कोरण्याची. ती फक्त युरोपची नव्हे. जपानमध्ये वाकायामा इथं १५३८ साली निधन पावलेल्या नाकाओका तेई या बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. लाकडाचा एकच ठोकळा तिच्या जबड्याच्या आकाराप्रमाणे कोरून काढलेला. म्हणजे युरोपात शंभर टक्के टाळूला चिकटून राहणारी कवळी माहीतही नव्हती, त्या काळात जपानी कारागीर ती लाकडात कोरत होते. ठोकळा घ्यायचा आणि नको तेवढं काढून टाकायचं. ही रीतही ध्यानात ठेवा, कारण ती पुन्हा येणार आहे.

वासाच्या प्रश्नाला पहिलं गंभीर उत्तर पॅरिसमध्ये मिळालं. १७७४ च्या सुमाराला अलेक्सी ड्युशातो नावाचा औषधविक्रेता स्वतःच्या हस्तिदंती कवळीला कंटाळला होता. तो दिवसभर औषधं चाखायचा, ढवळायचा, आणि ते सगळं कवळीत मुरायचं. पण दुकानातली चिनी मातीची भांडी मात्र धुतली की लख्ख. मग कवळीच चिनी मातीची का नको? त्यानं प्रयत्न केला, पण भट्टीत माती आकसते. माप तोंडाचं घ्यावं, तर भट्टीतून निघणारी वस्तू त्याहून लहान. पुढे निकोला दुबुआ द शेमाँ या दंतवैद्यानं ती पद्धत सुधारली, १७८९ मध्ये सोळाव्या लुईकडून पेटंट मिळवलं, आणि फ्रान्समध्ये क्रांतीचा भडका उडाल्यावर लंडनला जाऊन १७९१ मध्ये तिथलंही पेटंट घेतलं. १८११ मध्ये थॉमस रोलंडसननं त्याच्यावर एक व्यंगचित्र काढलं आहे, त्यात पांढऱ्याफेक दातांची एक बाई तोंड उघडून जाहिरातीसारखी बसली आहे.

चिनी माती कुजत नव्हती. स्वच्छतेचा प्रश्न तिनं जवळजवळ सोडवला. पण ती ठिसूळ, जड, आणि बसायला अवघड. इथून पुढे आपल्याला एक ओढाताण सतत दिसेल. जे टिकतं ते स्वच्छ राहीलच असं नाही, आणि जे स्वच्छ राहतं ते टिकेल किंवा बसेलच असं नाही.

यानंतर ५०-६० वर्षं पुढे जाऊ. १८४४ मध्ये होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड वायू देऊन स्वतःचा दात काढून घेतला. १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरचा जाहीर प्रयोग केला. दात काढणं आता सहन होण्यासारखं झालं. दुखरे दात सगळे काढून टाकायला लोक तयार झाले, आणि बिनदातांच्या माणसांची संख्या वाढली. त्यांना स्वस्त कवळी हवी होती. हस्तिदंत आणि सोनं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

नेमकं त्याच सुमाराला रबर आलं. चार्ल्स गुडइयर यांनी रबर आणि गंधक एकत्र तापवून व्हल्कनायझेशनचं तंत्र काढलं, १८४४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्यांचे भाऊ नेल्सन यांनी १८५१ मध्ये गंधकाचं प्रमाण बरंच वाढवून कडक रबराचं पेटंट घेतलं. हेच व्हल्कनाईट. मेणात कवळी घडवायची, प्लास्टरमध्ये दाबायची, मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत मऊ रबर भरायचं आणि वाफेच्या दाबाखाली शिजवायचं. निघणारी वस्तू टाळूला घट्ट बसायची. ही कवळी बनवण्याची दुसरी रीत, साच्याची. कोरणाऱ्या कारागिराची जागा साच्यानं घेतली आणि कवळी पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या तोंडात आली.

पण स्वस्त वस्तूवरही कर बसवणारे असतातच. जॉन कमिंग्ज यांना १८६४ मध्ये रबरी कवळीच्या पायाचं पेटंट मिळालं, आणि ते 'गुडइयर डेंटल व्हल्कनाईट कंपनी'च्या हाती आलं. प्रत्येक दंतवैद्यानं परवाना घ्यायचा, वर्षाला शुल्क भरायचं आणि शिवाय प्रत्येक कवळीमागे वेगळं द्यायचं. न देणाऱ्यांवर खटले. १८७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही पेटंट उचलून धरलं. वसुलीसाठी कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन स्वतः शहरोशहरी फिरत. १३ एप्रिल १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात सॅम्युअल शॅल्फंट या दंतवैद्यानं त्यांना गोळी घातली. बेकन मेले, शॅल्फंट तुरुंगात गेले. दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, पेटंटची मुदत संपली आणि कंपनीनं ते पुढे चालवलं नाही. खून समर्थनीय नाही, हे सांगायला नको. पण कवळीचा पाया कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न किती जिव्हारी लागणारा होता ते यातून कळतं.

आता व्हल्कनाईटची दुसरी बाजू. ते मजबूत होतं, पडलं तरी सहसा तुटत नसे. टिकाऊपणाच्या परीक्षेत पास. पण रंग काळपट किंवा तपकिरी-लाल. हिरडीसारखा दिसावा म्हणून त्यात शेंदरी रंगाचं हिंगुळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग, घालत. आणि त्याच्यात सूक्ष्म छिद्रं राहून जात, त्यात लाळ मुरे. कवळी घालणाऱ्या अनेकांचा टाळू लालभडक होई. त्याला 'रबराचं तोंड येणं' अशा अर्थाचं नावच पडलं. वैद्यक नियतकालिकांत वाद झडले. कोणी म्हणे दोष पाऱ्याचा, कोणी म्हणे रबर उष्णता धरून ठेवतं त्याचा, कोणी म्हणे माणसं कवळी धूतच नाहीत. सगळ्यांची नजर मुख्यतः पदार्थावर होती. त्याच्या पृष्ठभागावर कोण राहायला आलं आहे, ते पाहायला अजून अवकाश होता. १९३६ मध्ये लेस्टर कान यांनी या दुखण्याचा संबंध कॅन्डिडा नावाच्या बुरशीशी जोडला. ही बुरशी आपल्या अनेकांच्या तोंडात एरवी निमूटपणे असते. कवळीखाली तिला ऊब, ओल आणि एकांत मिळतो. जिथं जीभ पोचत नाही आणि लाळ वाहत नाही, तिथं ती फोफावते.

आणि नेमक्या त्याच वर्षांत व्हल्कनाईटचा वारसदार येत होता. प्लेक्सिग्लास किंवा पर्स्पेक्स या नावांनी बाजारात आलेलं पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. आपण याला नुसतं ॲक्रिलिक म्हणू. १९३६-३७ च्या सुमाराला जर्मनीत आणि अमेरिकेत त्याच्या कवळ्या होऊ लागल्या. वॉल्टर राइट यांनी १९३७ मध्ये रुग्णांवरचे अनुभव मांडले. दहा वर्षांच्या आत नव्या कवळ्या जवळपास सगळ्या ॲक्रिलिकच्या झाल्या. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. म्हणजे तिथल्या पहिल्या तुकड्या शिकत होत्या तेव्हा जगभर व्हल्कनाईटचं राज्य होतं, आणि त्या विद्यार्थ्यांची प्रॅक्टिस बसेपर्यंत ते संपलंही होतं.

ॲक्रिलिक गुलाबी रंगवता येतं, हलकं असतं, दुरुस्त करता येतं, स्वस्त असतं. साच्याची रीत तीच राहिली, फक्त रबराच्या जागी पावडर आणि द्रव कालवून केलेला गोळा आला. तो साच्यात दाबायचा आणि गरम पाण्यात तासन् तास ठेवायचा. पण इथं दोन अडचणी आहेत. द्रव मोनोमर घट्ट होताना आकसतो. नुसता मोनोमर घेतला तर आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी घटतं. पावडर मिसळल्यामुळे ते ६-७ टक्क्यांवर येतं, तरी ड्युशातोच्या भट्टीचं भूत पुरतं जात नाही. आणि थोडा मोनोमर कवळीत तसाच उरतो. तो काहींच्या तोंडाला झोंबतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात उष्णतेनं शिजवलेल्या ॲक्रिलिकसाठी उरलेल्या मोनोमरची मर्यादा वजनाच्या २.२ टक्के आहे, आणि वाकताना न तुटण्याची ताकद किमान ६५ मेगापास्कल लागते.

आता आजच्या व्याख्यानाच्या शीर्षकाकडे. कवळीला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू, जी गालाला आणि जिभेला लागते, ती लॅबमध्ये घासून, पॉलिश करून आरशासारखी करतात. आतली बाजू, जी हिरडीवर आणि टाळूवर बसते, ती पॉलिश करत नाहीत. का? कारण घासली तर माप बिघडेल, कवळी सैल होईल. म्हणजे आतली बाजू जशी साच्यातून निघेल तशी राहते. प्लास्टरचा सगळा खरखरीतपणा तिच्यावर उतरतो. आणि बुरशी राहते ती नेमकी याच बाजूला. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांतून एक आकडा पुढे आला, तो दंतवैद्यकात आजही वापरतात. पृष्ठभागाचा खरखरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला की जंतूंचा थर वाढत जातो, त्याच्याखाली आणखी गुळगुळीत करून विशेष फरक पडत नाही. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. इतक्या बारीक खाचांना स्वच्छतेच्या बाबतीत महत्त्व आहे.

म्हणून आमचं म्हणणं असं, की कवळी कशी बनवली हा प्रश्न कारखान्याचा नाही, तो थेट टाळूच्या आरोग्याचा आहे. कारण जी बाजू आपण पॉलिश करू शकत नाही, तिचा पोत बनवण्याची रीतच ठरवते.

मधे थोडं ब्रिटनकडे जाऊ, कारण ॲक्रिलिक खऱ्या अर्थानं जनतेच्या तोंडात गेलं ते तिथं. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळी फुकट मिळू लागली. मागणी इतकी आली की सरकारचे अंदाज कोलमडले. १९५१ च्या अर्थसंकल्पात कवळी आणि चष्मा यांवर शुल्क लावलं गेलं. ज्यांनी ही सेवा उभी केली ते अन्यूरिन बेव्हन याच मुद्द्यावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. इतक्या लोकांना कवळी मिळाली, ही मोठीच गोष्ट. पण कवळी देताना ती किती वर्षं वापरायची, आतून कशी धुवायची, रात्री काढायची की नाही, हे सांगणं मात्र त्या प्रमाणात झालं नाही. वस्तू पोचली, तिची निगा मागे राहिली. हे आपल्याकडेही ओळखीचं आहे.

आता टिकाऊपणाबद्दल एक उलटा मुद्दा. समजा कवळी तुटलीच नाही. २० वर्षं छान चालली. हे चांगलं का? १९७२ मध्ये आंत्ये टालग्रेन या संशोधिकेनं २५ वर्षांच्या कालावधीतल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, थांबत नाही, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट. म्हणजे कवळी तशीच राहते आणि तोंड बदलतं. जी कवळी एके काळी मापाची होती ती हलू लागते, घासते, घाव करते. हलणारी कवळी प्रत्येक घासाला वाकते, आणि वरची कवळी मधोमध तडकते ती बऱ्याचदा अशा रोजच्या वाकण्यानं. एकोणिसाव्या शतकात टिकाऊ म्हणजे न तुटणारी कवळी. विसाव्या शतकानं शिकवलं की तोंडासोबत टिकली तरच ती टिकाऊ.

आता डिजिटलकडे. हेही एका रात्रीत आलेलं नाही. १९७३ मध्ये फ्रान्समध्ये फ्रांस्वा ड्युरे यांनी दाताचं माप प्रकाशानं घेण्याची कल्पना आपल्या प्रबंधात मांडली. १९८५ मध्ये झुरिच इथं व्हर्नर मोरमान यांनी यंत्रानं कोरलेलं दातातलं भरण पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. पूर्ण कवळी त्यामानानं अवघड, कारण तिच्यात मऊ हिरडी आहे, ओठ आहेत, चावण्याची उंची आहे. १९९४ मध्ये जपानी संशोधक माएदा आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीनं पूर्ण कवळी बनवल्याचं मांडलं. तिथं लेसरनं रेझिनचे थर घट्ट केले होते. बाजारात या कवळ्या आल्या त्या २०१० नंतर.

इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण जाहिरातीत ती पुसली जाते. 'डिजिटल कवळी' ही एक वस्तू नाही. तिच्यात दोन अगदी वेगळ्या रीती आहेत.

पहिली मिलिंगची. कारखान्यात ॲक्रिलिकची जाड चकती मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत आधीच पूर्ण घट्ट केलेली असते. आकसायचं ते आकसून झालेलं. मग यंत्र त्यातून कवळी कोरून काढतं. म्हणजे काय, तर आपण नाकाओका तेईच्या लाकडी ठोकळ्याकडे परत आलो. फक्त छिन्नीच्या जागी संगणकाच्या आज्ञेवर फिरणारं पातं. याचे फायदे सरळ आहेत. छिद्रं कमी, उरलेला मोनोमर कमी, माप जास्त अचूक. आतली बाजू प्लास्टरला टेकलेलीच नसते, त्यामुळे तिचा पोतही सुधारतो. प्रयोगशाळेतल्या बहुतेक तुलनांत मिलिंगचं ॲक्रिलिक साच्यातल्या ॲक्रिलिकइतकं किंवा त्याहून मजबूत ठरतं, आणि अनेक चाचण्यांत त्याच्यावर कॅन्डिडा कमी चिकटते. तोटा असा की चकतीतला बराचसा माल भुसा होऊन जातो, आणि यंत्र महाग आहे.

दुसरी रीत छपाईची, थ्री-डी प्रिंटिंगची. ही मानवी कवळीच्या इतिहासातली तिसरी रीत. कोरणं नाही, साचा नाही. द्रव रेझिनवर प्रकाश टाकून ५० ते १०० मायक्रोमीटरचा एकेक थर घट्ट करत जायचं. माल वाया जात नाही, यंत्र स्वस्त, एका वेळी अनेक कवळ्या. पण हे रेझिन त्याच कुळातलं असलं तरी साच्यातलं किंवा चकतीतलं ॲक्रिलिक नव्हे. आणि थरांवर थर म्हटलं की कडेला बारीक पायऱ्या आल्या. तिरक्या पृष्ठभागावर त्या जास्त जाणवतात. छापून झाल्यावर कवळी अल्कोहोलमध्ये धुवावी लागते, मग प्रकाशपेटीत पुन्हा पक्की करावी लागते. यातलं काही घाईत केलं, तर न घट्ट झालेलं रेझिन आत राहतं. बऱ्याच चाचण्यांत छापील पाया मिलिंगच्या मानानं कमी मजबूत, पाणी जास्त शोषणारा आणि रंग लवकर धरणारा निघाला आहे. चहा-कॉफीचा देश आपला, तेव्हा हे सांगितलेलं बरं. नवी रेझिनं सुधारत आहेत, मानक ओलांडणारीही आहेत. पण ते सगळं ज्या लॅबमध्ये कवळी होते तिथल्या शिस्तीवर अवलंबून आहे.

तेव्हा कोणी 'डिजिटल आहे' एवढंच सांगितलं, तर पुढचा प्रश्न विचारा. कोरलेली की छापलेली? आणि दात पायाला कसे जोडले आहेत? कारण दोन्ही रीतींत दात अनेकदा वेगळे करून चिकटवतात, आणि तो जोड हाच बऱ्याचदा कच्चा दुवा असतो.

आणखी एक नवी गोष्ट डिजिटलनं आणली, ती इतिहासात कधीच नव्हती. कवळीची फाइल. वॉशिंग्टनची कवळी हरवली असती तर पुन्हा सगळं माप, सगळं कोरीव काम. आज कवळी हरवली, रुग्णालयाच्या चादरीत गुंडाळली जाऊन लॉन्ड्रीत गेली, तर तीच कवळी पुन्हा बनवता येते. वृद्धाश्रमात किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत हे मोठं वरदान आहे, कारण तिथं नव्यानं मापं घेणं हीच शिक्षा असते. पण टालग्रेनबाईंना विसरू नका. फाइल म्हातारी होत नाही, जबडा होतो. पाच-सात वर्षांपूर्वीची फाइल काढून तशीच कवळी छापली, तर ती तेव्हाच्या तोंडाला बसेल, आजच्या नाही.

व्याख्यानाआधी एक चिठ्ठी आली आहे. ती वाचतो. 'आईची कवळी १५ वर्षांची आहे. अजून तुटलेली नाही. ती रात्रीसुद्धा काढत नाही, म्हणते काढली की चेहरा बसतो, घरात सुनेसमोर, नातवंडांसमोर बरं वाटत नाही. नवी डिजिटल केली तर रात्री ठेवलेली चालेल का?'

हा प्रश्न साधा नाही. यात एका बाईचा मान आहे. म्हणून उत्तर जपून देऊ. जपानमध्ये ५२४ अतिवृद्ध माणसांचा, सरासरी वय ८८ च्या आसपास, तीन वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत कवळी घालणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. त्यांच्या जिभेवर आणि कवळीवर जंतूंचा थरही जास्त होता, हिरड्यांना सूजही जास्त. झोपेत लाळ कमी सुटते, आणि त्यातली थोडी श्वासनलिकेत उतरते, तिच्याबरोबर जंतूही. कवळी साच्यातली, कोरलेली की छापलेली, हे फुप्फुसाला कळत नाही. म्हणून नाही, रात्री कोणतीच कवळी चालणार नाही. आणि १५ वर्षांची कवळी तुटली नसली तरी ती बसते का, ते दाखवून घ्या. पण आईला हे तिला अवघडल्यासारखं होईल असं, सगळ्यांसमोर सांगू नका. तिची वाटी तिच्या खोलीत, तिच्या उशाशी असू द्या, आणि ती काढून ठेवण्याची वेळ दिवा मालवल्यानंतरची असू द्या. एवढं घरानं करायला हवं.

आता ग्रीनवुड यांच्या सल्ल्याकडे परत. त्यातला खडूच्या पुडीचा भाग आज सोडून द्यायचा. आपली नेहमीची टूथपेस्ट ही बऱ्याचदा त्याच खडूच्या जातीची असते. खऱ्या दाताच्या कठीण आवरणाला ती चालते, ॲक्रिलिकवर मात्र ओरखडे पाडते. राखुंडी आणि मिश्रीचं तर नावच नको. एवढं महागडं गुळगुळीत पृष्ठ यंत्रानं तयार करायचं आणि आपण महिनाभरात त्याला खाचा पाडायच्या, हे बरोबर नाही. मऊ ब्रश आणि साधा सौम्य साबण किंवा कवळीसाठीची गोळी पुरे. आतली बाजू आधी, बाहेरची नंतर. उकळतं पाणी नको, त्यानं आकार बिघडतो. धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा किंवा टॉवेल पसरा, कारण अनेक कवळ्या हातातून निसटून बेसिनवरच तुटतात.

पण पाण्याचा भाग? तो जसाच्या तसा उभा आहे. हस्तिदंत गेला, चिनी माती गेली, व्हल्कनाईट गेलं, ॲक्रिलिक साच्यातून चकतीत आणि चकतीतून थरांत गेलं. प्रत्येक नवा पदार्थ मागच्याचा एक दोष काढत आला, आणि आजचं यंत्र पहिल्यांदाच कवळीच्या आतल्या बाजूपर्यंत पोचलं आहे. ही प्रगती खरी आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण काढा आणि स्वच्छ पाण्यात ठेवा, या १७९८ च्या सल्ल्याची जागा अजून कोणत्याही पदार्थानं घेतलेली नाही.

आज घरी गेल्यावर ती वाटी एकदा पाहा. पाणी कालचं असेल तर बदला.